कार्डाच्या पाठीवरचं २८-२७

पालकहो, मुलांच्या छंदाचा विषय निघाला की आपण आधी विचारतो, "याचा उपयोग काय?" आणि त्यात पैसा आहे असं कानावर आलं की लगेच, "किती मिळतील?" मी दोन्ही प्रश्न माझ्या लेकीला विचारले आहेत. दुसऱ्या प्रश्नापायी माझ्या हातून एक चूक झाली. ती तुमच्या हातून होऊ नये, म्हणून आज हे मनातलं बोलते आहे.

आम्ही कॅलिफोर्नियात सांता क्लाराला राहतो. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या फुटबॉल संघाचं मैदान २०१४पासून आमच्याच गावात आहे. इथलं फुटबॉल वेगळं. त्यात चेंडू हाताने फेकतात, आणि फेकणारा मुख्य गडी म्हणजे क्वार्टरबॅक. अंगावर धिप्पाड माणसं धावून येत असताना तीन-चार सेकंदांत चेंडू कुणाकडे फेकायचा हे त्याने ठरवायचं. आमच्या भागात या जागेवरचं एक नाव अजून देवघरातल्यासारखं घेतात, ते म्हणजे जो मोंटाना. १६ नंबरची जर्सी, चार सुपर बोल, म्हणजे हंगामाचे अजिंक्यपदाचे सामने, जिंकलेला. तो मैदानावरून निवृत्त झाला १९९५ साली, माझी लेक जन्मली त्यानंतर दीड दशकाने. तरी ती अकरा वर्षांची असताना त्याची कार्डं जमवायला लागली, त्याचं कारण आमच्या समोरच्या घरातले काका.

काका स्वतः अकरा वर्षांचे असताना, १९८१ साली, खेळाडूंच्या कार्डांची पाकिटं विकत घ्यायचे. मेणकागदाचं पाकीट, आत काही कार्डं आणि गुलाबी च्युइंगगमची एक पट्टी. तुमच्यापैकी जे ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रात वाढले त्यांना बिग फन बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रं आठवत असतील. तोच जीव, तेच अदलाबदलीचे वाद. काकांच्या पाकिटात टॉप्स कंपनीचं २१६ नंबरचं कार्ड निघालं. त्यावर हा मोंटाना. शाळा ऑनलाइन झाल्यावर मुलं फार एकटी पडली होती, त्या काळात काकांनी ते कार्ड माझ्या लेकीला दिलं. पाठीवर, आकडेवारीच्या खालच्या रिकाम्या पट्टीत, पेन्सिलीने लिहिलेलं होतं: २८-२७.

हे आकडे काय, ते लेकीने मला सांगितलं. १० जानेवारी १९८२. कँडलस्टिक पार्कवर डॅलस काउबॉइजशी सामना, शेवटचं मिनिट, फोर्टीनाइनर्स सहा गुणांनी मागे. मोंटाना मागे मागे सरकत मैदानाच्या कडेपर्यंत गेला आणि त्याने चेंडू इतका उंच फेकला की तो बाहेरच जाणार असं वाटावं. ड्वाइट क्लार्कने उडी मारून बोटांच्या टोकांवर तो झेलला. २८-२७. इथे त्या झेलाला नुसतं 'द कॅच' म्हणतात, पुढे काही सांगावं लागत नाही. अकरा वर्षांच्या काकांनी त्या रात्री हातातल्या कार्डावर तो निकाल लिहून ठेवला. त्या मैदानात चार वर्षांचा एक मुलगा आई-बापांबरोबर आला होता. सॅन मॅटेओचा टॉम ब्रेडी. पुढे त्यानेच सात सुपर बोल जिंकले. लेक हे सांगायची तेव्हा मधे थांबून माझ्याकडे बघायची. मी तेव्हा बहुधा भाजी चिरत असायचे.

मग २०२१चा जून आला. ब्रेडीचं एक कार्ड लिलावात एकतीस लाख डॉलरला गेलं, तेव्हाच्या दराने बावीस-तेवीस कोटी रुपये. २००० सालचं, त्याच्या पहिल्या हंगामाचं, त्याच्या सहीचं, आणि फक्त शंभर प्रती काढलेलं. त्याच वर्षी जानेवारीत याच प्रकारचं कार्ड सुमारे तेरा लाखांना विकलं गेलं होतं. पाच महिन्यांत दुपटीहून जास्त. ती बातमी आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली आणि त्या दिवसापासून मी लेकीच्या खोक्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले.

आता किंमत ठरते कशी ते सांगते, कारण हे शिकताना मला आणि तिला दोघींना खरा आनंद झाला, आणि ते तुम्हीही मुलांबरोबर शिकावं असं मला मनापासून वाटतं. आकडेमोड, इतिहास, छपाई, माणसांचा स्वभाव, सगळं त्यात आहे.

पहिली गोष्ट, रूकी कार्ड. खेळाडूचं पहिलंवहिलं कार्ड. इथे संघ फेऱ्या-फेऱ्यांनी नवे खेळाडू निवडतात. त्यात मोंटानाची निवड १९७९मध्ये झाली, तिसऱ्या फेरीत, ८२ व्या क्रमांकावर. ब्रेडीची तर सहाव्या फेरीत, १९९ व्या. कुणाला काही मोठी आशा नव्हती. मोंटानाचं कार्ड निघायलाच १९८१ उजाडलं. ज्या हंगामात मुलं ती पाकिटं फोडत होती त्याच हंगामाच्या शेवटी तो झेल झाला. तोवर कितीतरी कार्डं सायकलच्या चाकाच्या आऱ्यांना लागली होती, रबर बँडने करकचून बांधली गेली होती, आयांनी केरात टाकली होती. जपून ठेवावं असं कुणाला कळलंच नव्हतं, म्हणून जपलेलं कार्ड आज महाग.

याची उलटी बाजू लेकीने मला दाखवली. त्याच मोंटानाचं १९९०चं कार्ड घ्या. तेव्हा तो चार सुपर बोलचा धनी, कीर्तीच्या शिखरावर. तरी ते कार्ड आज किरकोळ पैशांत मिळतं. १९८९पासून नव्या कंपन्या बाजारात उतरल्या, सगळ्यांनी ढिगाने छापलं आणि तोवर लोक शहाणे होऊन प्रत्येक कार्ड जपायला लागले होते. खेळाडू तोच, चेहरा तोच, फरक फक्त किती उरली याचा. पुरवठा म्हणजे काय हे माझ्या मुलीला शाळेतल्या कुठल्या धड्याने शिकवलं नसतं इतकं या दोन कार्डांनी शिकवलं.

दुसरी गोष्ट, अवस्था. चार गोष्टी बघतात: चारही बाजूंच्या समासांचा समतोल, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग. टॉप्सच्या १९८१च्या संचात ५२८ कार्डं होती. ती मोठ्या तावांवर छापून मग कापायचे. पातं जरा सरकलं की चित्र एका बाजूला. म्हणजे पाकिटातून निघालेलं करकरीत कोरं कार्डसुद्धा जन्मतःच वाकडं असू शकतं. त्यात मेणाचा डाग, गमचा डाग. या सगळ्याची तपासणी करून दहापैकी गुण देणाऱ्या कंपन्या आहेत. त्या कार्ड जाड पारदर्शक प्लास्टिकमध्ये कायमचं बंद करून परत पाठवतात. त्याला इथली मुलं स्लॅब म्हणतात. दहा गुणांच्या आणि नऊ गुणांच्या मोंटानाच्या किमतीत अनेक पटींचं अंतर असतं. नुसत्या डोळ्यांना तो फरक दिसतही नाही.

तिसरी गोष्ट पालकांनी डोक्यात पक्की करावी. कुणी काय मागतो ती किंमत नव्हे. ईबेवर कुणीही कुठल्याही कार्डाला दहा हजार लावू शकतो. 'विकल्या गेलेल्या वस्तू' असा वेगळा पर्याय आहे, तो निवडायचा, त्याच नंबरचं, त्याच गुणांचं कार्ड गेल्या महिना-दोन महिन्यांत प्रत्यक्ष कितीला गेलं ते दहा-बारा ठिकाणी बघायचं, आणि सगळ्यात वरचा नि सगळ्यात खालचा आकडा सोडून द्यायचा. लेक हे वहीत मांडायची. २०२१चे फुगलेले भाव २०२२मध्ये कसे उतरले तेही त्या वहीत आहे.

आणि आता माझी चूक.

तिच्या बाराव्या वाढदिवसाला मोंटानाचं ते कार्ड गुण मिळवून, स्लॅबमध्ये घालून द्यायचं, असं मी ठरवलं. तिला न सांगता. भिंग घेऊन बसले. कोपरे चांगले होते, समास थोडा डावीकडे. पाठीवर मात्र पेन्सिल. कुठेतरी वाचलं होतं की लिखाण असलं की गुण उतरतात. मी पांढरं खोडरबर घेतलं आणि हलक्या हाताने, अगदी जपून, ते आकडे खोडले. रबराचा भुगा फुंकून टाकला. फार समाधान वाटलं.

त्या वर्षी अमेरिकेभर कार्डांचा इतका पूर लोटला होता की काही कंपन्यांनी नवीन कार्डं घेणंच थांबवलं होतं. आमचं कार्ड परत यायला कित्येक महिने लागले. आलं ते गुणांशिवाय. पृष्ठभागाशी छेडछाड झाल्याची खूण आहे, असं चिठ्ठीवर होतं. तेही बरोबरच होतं.

मी तिला सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने कार्ड उलटं केलं, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "आई, तू काकांना विचारलंस?"

मला उत्तर देता आलं नाही. किंमत काढायला मी सगळं शिकले होते, पण ते कार्ड कुणाचं होतं, ते आकडे कुणी आणि का लिहिले होते, हे तिने मला चार वेळा सांगूनही माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं. आम्ही दोघी समोर गेलो. मी माफी मागितली. काकांनी कार्ड हातात घेतलं, खिडकीशी गेले, उजेडात तिरपं धरलं आणि लेकीला जवळ बोलावलं. पेन्सिल गेली होती, पण अकरा वर्षांच्या पोराने दाबून लिहिल्याचा वळ पुठ्ठ्यावर होता. तिरप्या उजेडात आकडे दिसत होते. त्यांनी ते पुन्हा लिहिले नाहीत. लेकीने विचारलं होतं, पण ते म्हणाले, तेव्हाचं ते तेव्हाचं.

पैशाबद्दल आणखी थोडं सांगायला हवं. या छंदात मुलांना नादी लावणारी एक जागा आहे, ती म्हणजे पाकिटं फोडण्याचे थेट कार्यक्रम. पैसे भरून आपला वाटा घ्यायचा, समोरचा माणूस कॅमेऱ्यापुढे पाकिटं फोडतो, नशिबात असेल ते आपल्या वाट्याला. मी त्याला सरळ जुगार म्हणते. त्यापासून मुलांना लांब ठेवा, आणि गप्प बसून ठेवू नका, कारण सांगून ठेवा. हवं ते एकच कार्ड बघून, तपासून, ठरलेल्या पैशांत विकत घ्यायला शिकवा. लहान मुलांशी अदलाबदल करताना मोठ्या मुलाने दोन्ही कार्डांचा भाव आधी बोलून दाखवायचा, हा आमच्या घरचा नियम आहे आणि तो मला फार आवडतो, कारण तो लेकीने स्वतः केला. कार्डं मऊ पाकिटात, मग कडक आवरणात, उन्हापासून आणि ओलीपासून लांब. एवढं केलं तरी पुष्कळ.

ते कार्ड आता तिच्या टेबलावर साध्या आवरणात असतं. ती ते काढते, हातात घेते, परत ठेवते. त्याची बाजारातली किंमत मी उतरवली आणि ती भरून येणार नाही.

तुमच्या घरात असं एखादं खोकं असेल, कार्डांचं, तिकिटांचं, नाण्यांचं, तर या शनिवारी मुलाशेजारी जमिनीवर बसा. भाव नंतर बघता येईल. आधी त्याला विचारा, यातलं कुठलं तू कधीच विकणार नाहीस? आणि तो कारण सांगत असताना हातातलं काम खाली ठेवा.