घरगुती विजेचा दर : आपला व शेजारचा

उजनी जलाशयाच्या काठी माढा व करमाळा तालुक्यांतील गावांत विजेचे बिल आले म्हणजे एक वाक्य हटकून कानी पडते : "कर्नाटकात वीज स्वस्त, महाग ती आपल्याकडेच." ज्यांच्या लेकी इंडी भागात दिलेल्या आहेत, ते तर तिकडील बिलाचा आकडाच सांगतात. या बोलण्यात तथ्य किती व गैरसमज किती, हे हिशेबाने पाहण्याचा या लेखाचा हेतू आहे.

प्रस्तुत लेखकाचे आयुष्य महसूल खात्यात आकारणीचे व वसुलीचे कागद लिहिण्यात गेले. त्या कामात एक गोष्ट पक्की कळली की, दर निराळा व देणे निराळे. जमिनीचा आकार पाहून खातेदाराचे एकूण देणे कळत नाही. त्यात स्थानिक उपकर मिळवावा लागतो. विजेचेही तसेच आहे.

आपल्याकडे वीज देणारी कंपनी महावितरण होय. जुन्या राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन ती २००५ साली निर्माण झाली. भीमा नदी आपल्या जिल्ह्यातून पुढे कर्नाटकात जाते. तेथे विजापूर जिल्ह्यास वीज पुरविणारी हुबळीची हेस्कॉम ही कंपनी २००२ साली स्थापन झाली. दोहोंचे दर त्या त्या राज्याचा वीज नियामक आयोग ठरवितो; कंपनीस ते आपल्या मर्जीने वाढविता येत नाहीत.

तुलना करावयाची ती एकाच वर्षाची करावी. येथे २०२४-२५ हे वर्ष घेतले आहे. त्या वर्षी महावितरणचा घरगुती दर, वीज आकार व वहन आकार मिळून, येणेप्रमाणे होता : पहिल्या १०० युनिटांस दर युनिटी ५ रुपये ८८ पैसे, १०१ ते ३०० पर्यंत ११ रुपये ४६ पैसे, ३०१ ते ५०० पर्यंत १५ रुपये ७२ पैसे. सिंगल फेज जोडणीस स्थिर आकार दरमहा १२८ रुपये, आणि या सर्व बेरजेवर शेकडा १६ वीज शुल्क. हेस्कॉमच्या मुलखात त्याच वर्षी सर्व युनिटांस एकच दर, ५ रुपये ९० पैसे, होता. स्थिर आकार मंजूर भाराच्या दर किलोवॉटास १२० रुपये, व विजेच्या आकारावर शेकडा ९ कर.

दरमहा बदलणारा इंधन समायोजन आकार दोन्हीकडे सोडून, व तिकडील घराचा भार १ किलोवॉट धरून, महिन्याचे देणे असे येते :

३० युनिट : महावितरण ३५३.१० रुपये; हेस्कॉम ३१२.९३ रुपये.
९० युनिट : महावितरण ७६२.३५ रुपये, हेस्कॉम ६९८.७९ रुपये.
१८० युनिट : महावितरण १,८९४.०५ रुपये, हेस्कॉम १,२७७.५८ रुपये.
३०० युनिट : महावितरण ३,४८९.२८ रुपये, हेस्कॉम २,०४९.३० रुपये.

यावरून दिसेल की, १०० युनिटांच्या आत अंतर थोडे आहे. त्यापुढे मात्र ते झपाट्याने वाढते. आता तिकडील घराचा भार २ किलोवॉट धरून पाहा. ९० युनिटांचे देणे ८१८.७९ रुपये होते, म्हणजे आपल्याहून ५६ रुपये अधिक. तात्पर्य, लहान कुटुंबास शेजारी स्वस्ताई आहेच असे नाही. मोठ्या वापराच्या घरास ती निःसंशय होती.

दराच्या एका आकड्यावर विसंबू नये, याचे दुसरे उदाहरण तिकडचेच आहे. एप्रिल २०२५ पासून तेथील दर १० पैशांनी उतरून ५ रुपये ८० पैसे झाला. परंतु त्याच वेळी स्थिर आकार दर किलोवॉटास १४५ रुपये झाला, आणि कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनासाठी युनिटास ३६ पैसे अधिभार बसला. दर उतरला व देणे चढले.

मग पाहुणे सांगतात तो शून्याचा आकडा कोठून आला? कर्नाटक सरकारने जुलै २०२३ पासून गृहज्योती योजना चालू केली. तीनुसार कुटुंबाच्या २०२२-२३ च्या सरासरी वापरात शेकडा १० मिळवून येतील तितकी, पण २०० च्या आतील, युनिटे घरास विनामूल्य मिळू लागली. येथे वीज स्वस्त झालेली नाही; तिची किंमत सरकारी तिजोरी भरते. आपल्याकडे साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस एप्रिल २०२४ पासून जी माफी मिळाली, तिचाही प्रकार हाच. दर व माफी यांची गल्लत केल्यास तुलनेस अर्थ राहत नाही.

आणखी एक तक्रार आपल्या मनातली आहे. धरणासाठी जमिनी आमच्या गेल्या, उजनीच्या पायथ्याशी १२ मेगावॉटचे वीजगृह उभे राहिले, मग आम्हांस वीज स्वस्त का नाही? हे दुःख खरे आहे. परंतु वीजगृहाची वीज सामाईक वाहिनीत मिसळते आणि दर कंपनीच्या सर्व मुलखास मिळून ठरतो. कंपनी बदलण्याची वाटही आपणांस नाही. मुंबईच्या उपनगरांत टाटा व अदाणी या दोहोंपैकी एक निवडता येते. आपल्या गावांत तारा एकाच कंपनीच्या आहेत.

तरीही शेतकऱ्याच्या हाती काही आहे. आमच्या शेजारच्या एका घरात दोन भाऊ रीतसर वाटण्या होऊन निराळे राहतात, परंतु मीटर एकच. धाकट्याचा वापर ६० युनिट, थोरल्याचा १२०. एकत्र १८० युनिटांचे १,८९४.०५ रुपये ते निम्मेनिम्म वाटून घेत, म्हणजे प्रत्येकी सुमारे ९४७. यावरून घरात बोलाचाली होऊन भाऊ एकमेकांच्या उंबऱ्यावर जाईनासे झाले. कागद घेऊन त्यांस हिशेब करून दाखविला. मीटर दोन असते तर धाकट्यास ५५७.७३ व थोरल्यास १,०९६.४३ रुपये पडले असते, एकूण १,६५४.१६. म्हणजे घराचे दरमहा सुमारे २४० रुपये वाचले असते, आणि धाकट्यावर ३८९ रुपयांचा अन्याय होत होता. पहिली १०० स्वस्त युनिटे मीटरमागे मिळतात, हे त्यांस ठाऊक नव्हते. दुसऱ्या मीटरचा अर्ज दोघांनी मिळून केला. मात्र चूल एक असता केवळ दर चुकविण्यासाठी दुसरे मीटर मागणे नियमास धरून नाही, हे ध्यानात ठेवावे.

शेवटी चार सूचना. बिल किती महिन्यांचे आहे ते प्रथम पाहावे. अनेक महिन्यांचे असल्यास टप्पेही त्या प्रमाणात वाढवून धरले आहेत काय ते तपासावे. चालू व मागील रिडिंग मीटरवरील आकड्याशी ताडून पाहावे. १०१ वे युनिट जळाले म्हणजे सर्वच युनिटे महाग होतात, ही समजूत चुकीची आहे. महाग होतात ती पुढची. आणि शेजाऱ्याशी तुलना करावयाची तर वर्ष, युनिटे, भार व माफी या चारही गोष्टी विचारून मग करावी. सातबारा वाचावयास आपण शिकलो, तसे विजेचे बिलही प्रत्येक खातेदारास वाचता आले पाहिजे.