रेषा घेऊन बाहेर पडा

तुमच्या उर्दूच्या वहीचे शेवटचे पान कधी कोणी उघडून पाहिले आहे का? (मराठीच्या वहीत तेच पहिले पान होईल!) त्या पानावर सरांचा चष्मा असतो, गरगर फिरणारा पंखा असतो, पुढच्या बाकावर पेंगणारा मित्रही असतो. अशी चित्रे आपण कोणाला दाखवत नाही. दाखवली तर बोलणी खावी लागतील, ही एक भीती. कोणी हसले तर, ही दुसरी. पहिल्या भीतीपेक्षा दुसरी मोठी असते.

अशीच चित्रे काढणारी माणसे आज अनेक शहरांत ठरवून एकत्र येतात. रविवारी सकाळी बाजारात, जुन्या इमारतीसमोर किंवा तलावाच्या काठी जमतात. त्यांत शाळकरी मुले असतात, कारकून असतात, निवृत्त शिक्षक असतात. दोन तास जो तो आपापल्या जागी बसून समोर दिसेल ते रेखाटतो. मग सगळे एका ठिकाणी येतात, आपापल्या वह्या उघडून जमिनीवर शेजारी शेजारी मांडतात आणि भोवती उभे राहून पाहतात. येथे बक्षीस नसते, पहिला-दुसरा क्रमांक नसतो.

या प्रथेला नाव आणि रूप दिले गॅब्रिएल कँपानारिओ या मूळच्या स्पेनमधील पत्रकार-चित्रकाराने. 2007 साली अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरात राहत असताना त्याने शहरे रेखाटणाऱ्या लोकांना एकत्र आणले. त्यातून ‘अर्बन स्केचर्स’ ही संस्था उभी राहिली. या मंडळींचा मुख्य नियम सोपा आहे. छायाचित्र पाहून चित्र काढायचे नाही, त्या जागी बसून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून काढायचे. मुंबई आणि पुण्यातही अशी मंडळे आहेत.

जागेवर बसून रेखाटणे मात्र आपल्याकडे नवे नाही. मुंबईची सर ज. जी. कलाशाळा 1857 साली सुरू झाली. तेथे लॉकवुड किपलिंग नावाचे शिक्षक होते. 1870 ते 1872 या काळात त्यांनी उत्तर भारतात फिरून कारागिरांची चित्रे काढली. काम करणारी माणसे त्यांनी समोर बसून पाहिली आणि कागदावर उतरवली. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईच्या प्रवेशद्वारावरील दगडी शिल्पेही त्यांचीच. तुम्ही मुंबईत राहत असाल तर त्या दाराखालून कितीतरी वेळा गेला असाल. पुढच्या वेळी मान वर करून पाहा.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. अशा ठिकाणी जाताना काय न्यावे? एक लहान वही, एक पेन आणि पाण्याची बाटली. खोडरबर घरीच राहू द्या. ही चेष्टा नाही. एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट परीक्षेला बसलेल्यांना वस्तुचित्र ठाऊक आहे. तेथे घागर जागची हलत नाही, म्हणून सावकाश खोडून पुन्हा काढता येते. बाजारातला भाजीवाला तुमच्यासाठी थांबणार नाही. तुम्ही खोडत बसलात, की तो टोपली उचलून चालू लागेल. म्हणून आधी मोठा आकार घ्यावा. पाठ कशी वाकली आहे, डोके कोणीकडे झुकले आहे, भार कोणत्या पायावर आहे, एवढे दहा-बारा रेषांत पकडावे. नाक, डोळे, बटणे नंतर. माणूस निघून गेला तरी काळजी नको. थोड्या वेळाने दुसरा तसाच वाकेल. त्याच्याकडे पाहून पहिल्याचे चित्र पूर्ण करता येते.

तुमच्यापैकी काहींनी तिरकस कापलेल्या कलमाने खुशखत गिरवले असेल. तसे असेल, तर इतरांना जे शिकावे लागते, ते तुमच्या हाताला आधीच आले आहे. कलम कसे वळवले म्हणजे रेषा जाड होते, कोठे हात हलका केला म्हणजे ती बारीक होते, हे तुमच्या बोटांना माहीत आहे. ‘नून’ची वाटी काढणाऱ्या हाताला मडक्याचा पोट जड जाणार नाही. आणि गंमत पाहा, चित्रकाराच्या पिशवीतले कागद, कलम, दौत, शाई हे सगळे शब्द मराठीत आले ते फारसी-अरबीच्या वाटेने. पिशवी उघडली, की निम्मी भाषा तुमच्या ओळखीचीच निघते.

एक गोष्ट मात्र पिशवीत मावत नाही. ती म्हणजे विचारण्याची सवय. कोणाचे जवळून चित्र काढायचे असेल, तर आधी परवानगी घ्यावी. “काका, मी तुमचे चित्र काढू का?” “मावशी, तुम्ही काम करत राहा, मी येथे बसून रेखाटतो.” इतकी दोन वाक्ये पुरतात. बहुतेक माणसे हसून हो म्हणतात. काही नाही म्हणतात. नाही म्हणणाऱ्याला कारण विचारू नये. कोणाला संकोच वाटतो, कोणाच्या घरी चित्र काढून घेणे आवडत नाही. वही मिटावी आणि समोरची हातगाडी काढायला घ्यावी. हातगाडीची हरकत नसते. रेल्वे स्थानकासारख्या ठिकाणी मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, तेथल्या अधिकाऱ्यांना विचारूनच बसावे.

दोन तास संपतात आणि तो क्षण येतो. सगळ्यांच्या वह्या जमिनीवर मांडायच्या असतात. तुमच्या वहीशेजारी कलाशाळेत शिकणाऱ्या कोणाची तरी वही उघडलेली असते. तिच्यात अख्खी इमारत उभी असते, खिडक्यांसकट. तुमच्या पानावर एक वाकडा भाजीवाला. येथेच अनेक मुले वही पोटाशी धरून मागे सरकतात. त्यातून भाषेचा संकोच. सगळे भराभर मराठीत बोलत असतात आणि आपल्याला वाटते, आपण तोंड उघडले, की ‘ळ’ आणि ‘ण’ घोटाळा करणार.

तरीही वही मांडाच. कारण हे: न मांडलेल्या वहीवर कोणी काही बोलत नाही, आणि कोणी काही बोलले नाही, तर पुढच्या रविवारी तोच भाजीवाला तसाच वाकडा येतो. सभ्य मंडळात कोणी “हे वाईट आहे” असे म्हणत नाही. “याचा हात कोठून सुरू होतो?” असे विचारतात. त्या एका प्रश्नात धडा असतो. तुमच्याकडूनही फार मोठे भाषण कोणाला नको असते. “हे चित्र मी मंडईत काढले. हात जमला नाही, पण टोपली जमली.” एवढे म्हटले तरी पुरे. ‘ळ’ जरा चुकला तरी टोपली सर्वांना कळते.

मघाशी आपण साधी रेखाटने पाहिली. व्यंगचित्रकारांचे मेळावे थोडे निराळे असतात. तेथे भिंतीवर व्यंगचित्रे लावलेली असतात. एखादा चित्रकार मोठ्या कागदावर सर्वांसमोर चित्र काढून दाखवतो. कोणी समोर बसणाऱ्याचे अर्कचित्र काढून देतो. अर्कचित्र म्हणजे चेहऱ्यातले नेमके वैशिष्ट्य वाढवून काढलेले चित्र. मुंबईत 1999 साली सुरू झालेला काळा घोडा कला महोत्सव अशा चित्रकारांना जवळून पाहण्याची चांगली जागा आहे. जहांगीर कलादालनाच्या बाहेर पदपथावर चेहरे रेखाटून देणारे चित्रकार बसतात. त्यांच्या मागे उभे राहून पाहायला पैसे पडत नाहीत. ते पहिली रेषा कोठे ठेवतात, एवढेच अर्धा तास पाहत राहा.

(‘काळा घोडा’ म्हणजे एका इंग्रज राजाच्या पुतळ्याचा घोडा. 1965 साली तो पुतळा तेथून भायखळ्याला हलवला गेला आणि चौकात फक्त नाव उरले. 2017 साली तेथे नवा घोडा आला, पण या वेळी पाठीवर स्वार नाही. व्यंगचित्रकाराला विषय शोधायला दूर जावे लागत नाही, ते असे!)

भाषेची धास्ती वाटणाऱ्यांनी शि. द. फडणीस यांची चित्रे अवश्य पाहावीत. 1925 साली जन्मलेल्या या चित्रकाराच्या पुष्कळ व्यंगचित्रांत एकही शब्द नसतो. त्यांचे एक प्रसिद्ध मुखपृष्ठ आहे. एका तरुणीच्या साडीवर उंदरांची नक्षी आहे आणि शेजारच्या तरुणाच्या सदऱ्यावर मांजरांची. बस्स, एवढेच. हे चित्र मराठी माणसाला हसवते, उर्दू बोलणाऱ्यालाही हसवते, आणि वाचता न येणाऱ्यालाही. रा. के. लक्ष्मण यांचा ‘सामान्य माणूस’ही असाच. चौकडीचा कोट आणि धोतर घातलेला हा गृहस्थ सगळे पाहतो, पण स्वतः काही बोलत नाही. लक्ष्मण लहानपणापासून कावळे रेखाटत असत. त्यांना मुंबईच्या कलाशाळेने प्रवेश नाकारला होता. पुढे 1947 पासून त्याच मुंबईत ‘टाइम्स ऑफ इंडिया’तून त्यांनी कित्येक दशके व्यंगचित्रे काढली. गोव्यातील लोटली गावचे मारिओ मिरांडा लहानपणी घराच्या भिंती रंगवत, म्हणून आईने त्यांच्या हाती वही दिली. ती सवय पुढे चित्रांच्या रोजनिशीत उतरली.

तुमच्या भाषेचीही या कलेत जुनी हजेरी आहे. लंडनमध्ये 1841 साली ‘पंच’ नावाचे विनोदी साप्ताहिक निघाले. त्यावरून नाव घेऊन मुन्शी सज्जाद हुसेन यांनी 1877 साली लखनौहून ‘अवध पंच’ हे उर्दू साप्ताहिक सुरू केले. त्यात चिमटे काढणारे लेखन येई आणि व्यंगचित्रेही येत. म्हणजे उर्दू वाचणारे लोक चित्रातला चिमटा जवळजवळ दीडशे वर्षे ओळखतात.

येथे एक व्यवहाराची सूचना करतो. चार चौकटींची चित्रकथा काढाल, तेव्हा पहिली चौकट कोठे ठेवणार? उर्दूच्या सवयीने हात उजवीकडे जाईल. मराठी वाचक डावीकडून सुरुवात करील आणि त्याला आधी माणूस केळीच्या सालीवरून पडलेला दिसेल, मग केळे खाताना दिसेल! विनोदाचा तेथेच बोजवारा. म्हणून चित्र कोणासाठी आहे हे ठरवून चौकटींना क्रमांक द्या. किंवा फडणिसांसारखे एकाच चौकटीत सारे बसवा.

आता ‘व्यंग’ या शब्दाविषयी. मराठीत ‘व्यंग’ म्हणजे शरीरातील उणीव, आणि ‘व्यंग्य’ म्हणजे शब्दांमागे दडलेला अर्थ. उर्दूत तुम्ही ज्याला ‘तन्ज़’ म्हणता, त्याच्या जवळचा हा दुसरा शब्द. बोलताना आपण दोन्ही एकच करून टाकतो आणि चित्रातही तीच चूक होते. लंगडणाऱ्या माणसाचे लंगडणे काढून हशा मिळवणे फार सोपे आहे, वर्गातल्या तोतऱ्या मुलाचे चित्र काढणे त्याहून सोपे. पण त्यात व्यंगच आहे, व्यंग्य नाही. नळाला पाणी नसताना ‘पाणी वाचवा’ असा फलक रंगवणाऱ्याचे चित्र काढा. त्यात हसण्यासारखे आहे, आणि ज्याने हसून विचार करायला हवा, तो माणूस तुमच्यापेक्षा दुबळा नाही. मेळाव्यात अनोळखी माणूस अर्कचित्रासाठी तुमच्यासमोर बसला, तर हाच फरक ध्यानात ठेवा. त्याच्या मिशा वाढवा, हसू वाढवा. चेहऱ्यावरचा डाग वाढवू नका.

तुम्ही म्हणाल, हे सगळे मुंबई-पुण्याचे झाले. आमच्या गावात असे मंडळच नाही. मग चौघे-पाच जण मिळून काढा. चित्रकलेच्या सरांना किंवा मॅडमना विचारा. ज्या शाळा शुक्रवारी लवकर सुटतात, त्यांनी त्या दिवशीचा दुपारनंतरचा एखादा तास धरावा. घरी सांगून निघा. मालेगावात किंवा भिवंडीत राहत असाल, तर ओळखीच्या मालकाला विचारून यंत्रमागाच्या कारखान्यात बसा. तुटलेला धागा जोडायला वाकलेला कारागीर काढायला मिळणे हे मोठे भाग्य आहे. मात्र खटखटाटात बोलणे ऐकू येणार नाही, म्हणून चर्चा बाहेर येऊन करा. छत्रपती संभाजीनगरच्या मुलांना बीबी का मकबरा आहेच. पण सगळ्यांनी घुमटच काढू नये. एकाने फाटकावरचा फुगेवालाही काढावा.

चित्राच्या कोपऱ्यात जागा आणि तारीख लिहा, उर्दूत आणि मराठीतही. शेवटी वह्या मांडा, एकेका चित्रावर एकेक वाक्य बोला. पुढच्या वेळी कोठे बसायचे, हेही त्याच दिवशी ठरवून टाका. एस.टी. स्थानक चांगले. तेथे माणसे बराच वेळ एका जागी थांबलेली असतात, आणि गाडी अगदी वेळेवर येईलच असे नाही.

शब्दार्थ
रेखाटणे – रेषांनी चित्र काढणे
संकोच – लाज वाटून मागे राहणे, झिजक
बोजवारा उडणे – सगळे बिघडणे
धास्ती – भीती, दहशत
चिमटा काढणे – (येथे) हसत हसत दोष दाखवणे
पदपथ – रस्त्याच्या कडेची चालण्याची वाट

स्वाध्याय
1. जागेवर बसून चित्र काढताना खोडरबर का नको, ते तुमच्या शब्दांत लिहा.
2. ‘व्यंग’ आणि ‘व्यंग्य’ यांतील फरक स्वतःचे एक उदाहरण देऊन सांगा.
3. चित्र काढण्यासाठी कोणाची परवानगी मागत आहात, अशी कल्पना करून चार वाक्यांचा संवाद लिहा.
4. मराठीत आलेले आणि उर्दूतही असलेले आणखी पाच शब्द या पाठातून शोधा.