बोअरचें यंत्र व गांवाचा ताबा

यंत्र एकदां गांवांत शिरलें कीं त्याच्यामागें धांवण्यावांचून समाजास गत्यंतर नाहीं, असें पुष्कळ विचारी लोकही म्हणतात. हें मत कितपत खरें आहे, तें बोअर पाडण्याचें यंत्र व विजेचा पंप या आपल्या नित्य परिचयाच्या जोडीवरून पाहूं.

महाराष्ट्राचा सुमारें चार-पंचमांश भाग काळ्या पाषाणाचा आहे. या पाषाणांत पाणी राहतें तें मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरांत व फटींत, सांठा बेताचाच. मोट होती तोंपर्यंत बैलांची शक्ति हीच उपशाची मर्यादा होती. १९७२ च्या दुष्काळानंतर बोअरचीं यंत्रें खेडोपाडीं पसरलीं व ती मर्यादा उरली नाहीं. बांधाच्या अलीकडचें व पलीकडचें पाणी वस्तुतः एकच. एक जण दोनशें फूट खालीं गेला, तर शेजाऱ्यास तीनशें फूट गेल्यावांचून चालत नाहीं. जो थांबेल त्याचें पीक वाळतें, आणि त्यानें राखलेलें पाणी दुसऱ्याच्या उंसास जातें. म्हणून यंत्र अनावर भासतें. परंतु अनावर झालें आहे तें यंत्र नव्हे. आपसांत ठराव नसल्यामुळें चाललेली चढाओढ होय.

सरकारनें कायदे केले. १९९३ च्या कायद्यानें पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरांच्या आंत परवानगीवांचून विहीर घेण्यास मनाई झाली; २००९ च्या कायद्यानें ६० मीटरांहून खोल विहिरींवर निर्बंध घातले. तथापि शेतोशेतीं पहारा ठेवणें कोणत्याही कचेरीस साधणारें नाहीं.

जें कचेरीस साधत नाहीं तें गांवास साधतें. पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें विलासराव साळुंखे यांनीं १९७२ नंतर पाणी पंचायतीची पद्धति सुरू केली. तींत पाण्याचा वांटा जमिनीवर नव्हे, तर माणशी अर्धा एकर या हिशेबानें ठरला. भूमिहीनांसही हक्क मिळाला व ऊस वर्ज्य झाला. पंप टाकून दिले नाहींत. तेच पंप ठरलेल्या वांट्याप्रमाणें चालले. अहिल्यानगर (पूर्वींचें अहमदनगर) जिल्ह्यांतील हिवरे बाजार येथें शेतीसाठीं बोअर घेण्यास गांवानें बंदी केली. तेथें पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात व त्यावरून पिकें ठरवितात.

हें फुकट साधत नाहीं. उंसाचा रोख पैसा सोडावा लागतो. शिवाय भूमिगत पाणी शिवेवर थांबत नसल्यानें शेजारगांवाशींही समजूत करावी लागते.

यास्तव वाचकांनीं एवढें तरी करावें : गांवांत पर्जन्यमापक बसवावा, पावसाळा सरतांच विहिरींची पातळी नोंदावी, पिण्याचें पाणी प्रथम वेगळें काढावें, आणि उरलेल्या पाण्यावरून रब्बीचीं पिकें ग्रामसभेंत ठरवावीं. हा ठराव बोअरची गाडी गांवांत येण्यापूर्वीं झाला पाहिजे. नंतर तो करणें फार जड जातें.