मापात काढलेला लांडगा



आता तुम्हाला अक्षर काढता येते. अक्षर काढणे म्हणजे रेघांचे माप सांभाळणे. काना केवढा, वेलांटी कुठून वळवायची, हे तुमचा हात शिकला आहे. त्याच हाताने चित्रही काढता येते. या पाठात आपण लांडगा काढू.

लांडगाच का? वऱ्हाडात शेळ्यामेंढ्या राखणाऱ्याला लांडगा ठाऊक असतो. पण पाटीवर काढा म्हटले, की पुष्कळांचा लांडगा वाघाएवढा होतो. तोंड भले मोठे, दात लांब आणि पाय आखूड. असे चित्र भीतीने काढलेले असते. भीती मोजत नाही. आपण मोजू.

लांडगा केवढा असतो?

आपल्याकडचा लांडगा खांद्याशी सुमारे ६० ते ७० सेंटीमीटर उंच असतो. म्हणजे उभ्या माणसाच्या मांडीपर्यंत. वजन २० किलोच्या आसपास. अंगाने तो सडपातळ असतो. थंड मुलखातले लांडगे याहून मोठे आणि दाट केसांचे असतात. छापील पुस्तकांत पुष्कळदा त्यांचीच चित्रे असतात. ती पाहून काढले, तर आपला लांडगा साधत नाही.

आपला लांडगा मोकळ्या रानाचा. माळ, गवताचे पडीत, ई-क्लासची जमीन, शेतशिवार, हा त्याचा मुलूख. भक्ष्यासाठी तो रात्रीतून कोसच्या कोस चालतो. म्हणून त्याचे पाय लांब असतात. हे ध्यानात ठेवा, म्हणजे निम्मे चित्र साधले.

मापाची काडी

पऱ्हाटीची बारीक काडी घ्या. ती दोन बोटांच्या रुंदीएवढी तोडा. ही काडी म्हणजे लांडग्याचे डोके, नाकाच्या शेंड्यापासून मानेच्या सुरुवातीपर्यंत. बाकीचे सगळे अंग याच काडीने मोजायचे. ही मापे ढोबळ आहेत, पण शिकणाऱ्याला पुरेशी आहेत.

पाटी आडवी धरा. आता असे करा :

१. खाली जमिनीची एक सरळ रेघ मारा. तिच्यावर एक चौकट आखा. लांबी तीन काड्या, उंची पावणेतीन काड्या. छातीपासून ढुंगणापर्यंत लांडगा एवढा लांब आणि खांद्याशी एवढा उंच असतो. चौकट जवळजवळ चौरस दिसते. ती फार लांब झाली, तर चित्रात मुंगूस होईल.

२. चौकटीची वरची रेघ म्हणजे पाठ. तिच्यापासून सव्वा काडी खाली दुसरी आडवी रेघ हलकेच मारा. या दोन रेघांत धड बसवायचे. खाली दीड काडी उरली, ती पायांना. पाहा, धडापेक्षा पाय जास्त उंच आहेत. चित्र बहुधा इथेच बिघडते.

३. छाती खोल काढा. तिथून पोटाची रेघ मागे जाता जाता वर चढवा. लांडग्याचे पोट मागे आत ओढलेले असते.

४. पुढचे पाय काठीसारखे सरळ काढा. छाती अरुंद असल्यामुळे ते एकमेकांच्या जवळ असतात. मागच्या पायात जमिनीपासून पाऊण काडीवर एक सांधा मागे निघालेला दिसतो. लोक त्याला उलटा गुडघा समजतात. ती खरी टाच आहे. लांडगा बोटांवर चालतो, टाच वर ठेवतो. खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो. पटत नसेल, तर घरच्या शेळीचा मागचा पाय हात लावून पाहा.

५. चालताना लांडगा डोके फार उंच धरत नाही. पाठीच्या रेघेच्या जरासे वर डोके काढा, एक काडी लांब. डोळा डोक्याच्या साधारण मध्यावर घ्या. डोळ्यापुढे तोंड, डोळ्यामागे कवटी. कपाळापासून नाकापर्यंत उतार सरळसा असू द्या. डोळा किंचित तिरपा आणि कान उभे, अर्ध्या काडीहून थोडे कमी.

६. शेपटी दीड काडी. ती खाली सोडा. टोक टाचेच्या थोडे वर येते. शेपटी वर वळवली, तर एखादा मेंढपाळ चटकन म्हणेल, "गुर्जी, हे तं गावातलं कुत्रं झालं. लांडग्याची शेपटी कुठं अशी वर रायते?" त्याचे म्हणणे खरे माना. त्याने लांडगा पाहिलेला असतो.

आता चौकटीच्या रेघा पुसून टाका. उरला तो लांडगा.

मापाचा उपयोग

तुम्ही म्हणाल, गुरुजी, चित्र काढून पोट भरते का? ऐका. कुत्रा हा लांडग्याच्याच वंशातला. म्हणून दोघे सारखे दिसतात आणि माणूस फसतो. कोल्हा त्याहून बराच लहान, पायांनी आखूड, तोंडाने निमुळता. तरसाचे पुढचे अंग उंच, पाठ मागे उतरती आणि अंगावर पट्टे. ज्याने हे चारही प्राणी पाटीवर मोजून काढले, त्याला अंधुक उजेडातही फरक ओळखायला सोपे जाते.

कळपातली शेळी मेली, की गावात आरोळी उठते, "लांडगा आला!" कधी तो खरोखर लांडगा असतो. कधी मोकाट कुत्री असतात. कुत्र्यांचे पाप लांडग्याच्या माथी मारून आपली शेळी वाचत नाही. उद्या तीच कुत्री पुन्हा येतात.

आणि लांडगाच असला तर? रागाने मेलेल्या जनावरात विष कालवू नका. त्या विषाने गावचे कुत्रे मरते, घार मरते, कोल्हा मरतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लांडग्याला मारणे गुन्हा आहे. मेलेले जनावर जागचे हलवू नका. त्याच दिवशी वनरक्षकाला कळवा, पंचनामा करून घ्या आणि भरपाईसाठी अर्ज करा. काय पाहिले, ते अर्जात नीट लिहा : उंची केवढी, शेपटी कशी, रंग कोणता. आता तुम्हाला लिहिता येते आणि मोजून पाहताही येते. ही दोन्ही कामे तिथे उपयोगी पडतील.

आपल्या भागातले जुने चित्रकार

मोर्शी तालुक्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या डोंगरात, बैतूल जिल्ह्याच्या हद्दीत कातळाच्या गुहा आहेत. तिथे फार प्राचीन काळच्या माणसांनी दगडावर प्राण्यांची चित्रे काढलेली आहेत. अमरावतीच्या निसर्गप्रेमी मंडळींनी ती २००७ साली उजेडात आणली. त्या प्राचीन माणसांजवळ पाटी नव्हती. पण रानातले जनावर त्यांनी नजरेत साठवले आणि दगडावर उतरवले. तुमच्या हातात तर पाटी आहे, लेखणी आहे. मग लाजता कशाला? पहिला लांडगा बिघडला, तर पुसा आणि दुसरा काढा.

अभ्यास

१. लांडग्याच्या चित्रात धड जास्त उंच असते की पाय?

२. मागच्या पायाचा "उलटा गुडघा" म्हणजे खरे काय?

३. घरच्या किंवा गल्लीतल्या कुत्र्याला दुरून नीट पाहा. काडीच्या मापाने त्याचे चित्र काढा. लांडग्याच्या चित्राशेजारी ठेवून दोन फरक लिहा.

४. लांडग्याने शेळी मारली आहे असे समजून वनरक्षकाला पाच ओळींचा अर्ज लिहा.