पंगतीत दिसणारा विश्वास: आरंभीच्या मंडळीकडून काय घ्यावे, काय टाळावे

इ.स. ११२च्या सुमारास बिथुनिया-पंत या रोमी प्रांताचा सुभेदार धाकटा प्लिनी याने सम्राट त्राजानाला पत्र लिहून विचारले की, या ख्रिस्ती लोकांचे करायचे काय? त्याने चौकशी केली, दोन दासींचा छळ करून माहिती काढली. हाती लागले ते एवढेच: हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात आणि शपथ घेतात. चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, कोणी ठेवलेली ठेव मागायला आला तर नाकारणार नाही. मग घरी जातात आणि पुन्हा जमून साधे जेवण जेवतात.

आपल्याकडे उपदेशात आरंभीच्या मंडळीचे नाव निघाले की पेंटेकॉस्टचा दिवस, अन्य भाषा आणि तीन हजारांचा बाप्तिस्मा यांवर सगळा वेळ जातो. ते मोलाचे आहेच. पण त्या पहिल्या चार शतकांतले आज रोजच्या जगण्यात उतरवता येईल असे जे आहे, ते मला पंगतीत आणि पैशाच्या पेटीत सापडते. कोण कोणाशेजारी बसून जेवले आणि गोळा झालेला पैसा कोणापर्यंत पोचला, यावरूनच शेजारीपाजारी त्यांचा विश्वास ओळखत होते.

काय करावे

एका पंगतीला बसावे. अंत्युखियात यहूदी आणि परराष्ट्रीय विश्वासणारे एकत्र जेवत असत. पेत्रही त्यांच्यात बसे. यरुशलेमेहून याकोबाकडची माणसे आली आणि पेत्र हळूच बाजूला झाला; त्याचे पाहून बर्णबाही उठला. पौलाने सर्वांसमोर पेत्राला जाब विचारला. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हे सारे आहे. पेत्राने एकही शिकवण नाकारली नव्हती. तो फक्त दुसऱ्या पंगतीला जाऊन बसला, आणि तेवढ्यानेच सुवार्तेला बाध येतो असे पौलाचे म्हणणे होते. महाराष्ट्रातल्या मंडळ्यांनी हा अध्याय वर्षातून एकदा तरी मोठ्याने वाचावा. पंक्तिभेदाची झळ सोसलेल्या कितीतरी घराण्यांनी इथे ख्रिस्ताला जवळ केले, आणि तरीही सोयरीक जुळवताना पूर्वीची जात आजही हलक्या आवाजात विचारली जाते. प्रभुभोजनाचा प्याला एक आणि लग्नाचे स्थळ मात्र आपल्यातलेच, हे अंत्युखियातल्या त्या दुसऱ्या पंगतीपेक्षा वेगळे नाही.

तक्रार करणाऱ्यांच्या हाती कारभार द्यावा. यरुशलेमेत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची आबाळ होत होती. कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी ती दडपली नाही, कुरकुर करणाऱ्यांना अविश्वासीही ठरवले नाही. सात सेवक निवडले गेले: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि नीकलाव. सातही नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या, त्यांच्याच माणसांकडे सगळ्यांच्या अन्नाची जबाबदारी गेली असावी. आपल्या मंडळीच्या कमिटीत वस्तीतल्या भाडेकरू कुटुंबाचा, ऊसतोडीला जाणाऱ्या घराचा, एकट्या राहणाऱ्या बाईचा कोणी आहे का, हे आधी पाहावे.

पैशावर चार डोळे ठेवावेत. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना पौलाने ती एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली, आणि कारणही उघड लिहिले: एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कोणी बोट दाखवू नये. ज्याच्या प्रामाणिकपणाची आपल्याला कधी शंका येत नाही, त्यालाही साक्षीदार हवे होते. मग ‘पाळकांवर आमचा विश्वास आहे’ म्हणून हिशेब न मांडणे कसे चालेल?

पैसा जातो कुठे, हेही पाहावे. कार्थेजच्या तर्तुल्यानाने इ.स. १९७च्या सुमारास लिहिले आहे की, त्यांच्या पेटीत प्रत्येक जण महिन्यातून एकदा, स्वखुशीने, ऐपतीप्रमाणे टाकतो. खर्च होतो तो गरिबांना खाऊ घालण्यात, त्यांना पुरण्यात, अनाथ मुलामुलींवर, म्हाताऱ्या झालेल्या नोकरांवर, जहाज फुटून सर्वस्व गेलेल्यांवर, आणि विश्वासामुळे खाणींत, बेटांवर, तुरुंगांत टाकलेल्यांवर. इ.स. २५१मध्ये रोमचा बिशप कर्नेल्य याने एका पत्रात कळवले की, तिथली मंडळी दीड हजारांहून अधिक विधवा आणि गरजूंना पोसते. तेव्हा ख्रिस्ती असणे हाच गुन्हा होता, आणि तरीही ही यादी कोणीतरी नीट ठेवत होते. आपल्या वार्षिक अहवालात रंगकाम, ध्वनियंत्रणा आणि कापणीच्या सणाचा मांडव यांच्यापुढे विधवांसाठी किती आकडा आहे, तो वाचून पाहावा.

आजाऱ्याजवळ जावे, तो आपला नसला तरी. तिसऱ्या शतकाच्या मध्यात साम्राज्यभर मोठी साथ पसरली. अलेक्झांड्रियाचा बिशप दिओनिस्य लिहितो की, विश्वासणाऱ्यांनी जीव धोक्यात घालून रोग्यांची शुश्रूषा केली आणि त्यांच्याबरोबर कितीतरी जण गेले. कार्थेजचा बिशप सिप्रियान याने आपल्या लोकांना बजावले की, फक्त आपल्याच माणसांची काळजी घेण्यात मोठेपण नाही, छळणाऱ्यांचीही घ्या. शंभर वर्षांनी, इ.स. ३६२च्या सुमारास, जुन्या देवतांची पूजा परत आणू पाहणारा सम्राट ज्युलियन आपल्या पुरोहितांना खडसावतो की, हे गालिली लोक स्वतःच्या गरिबांबरोबर आपल्याही गरिबांना पोसतात. विरोधकाच्या पत्रातून मिळालेली ही साक्ष मला सर्वांत भरवशाची वाटते. आपल्याकडे हे कोणी केले, याचे उत्तर केडगावात आहे: १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवांना घेऊन आल्या.

बाप्तिस्म्याआधी माणसाला वेळ द्यावा. ‘प्रेषितीय परंपरा’ नावाच्या जुन्या नियमपुस्तकात तीन वर्षे शिकवण्याचा नियम आहे. बाप्तिस्म्यापूर्वी उमेदवाराची चौकशी होई: याने विधवांचा मान राखला का, आजाऱ्यांना भेटायला गेला का? पाठांतराआधी हे विचारले जाई.

स्त्रियांना नावाने आणि कामाने ओळखावे. किंख्रियाच्या मंडळीची सेविका फीबी, फिलिप्पैत जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी लुदिया, बहुतेक ठिकाणी नवऱ्याच्या आधी जिचे नाव येते ती प्रिस्किल्ला. प्लिनीने छळ केलेल्या त्या दोन दासींना मंडळीत सेविकेचे पद होते, हे खुद्द तोच लिहितो.

पडलेल्याला परतीची वाट ठेवावी. इ.स. २५०मध्ये सम्राट देकियसाने सर्वांना देवतांपुढे यज्ञ करून तसा दाखला घेण्याचा हुकूम काढला. असे दाखले इजिप्तमध्ये पपायरसवर सापडले आहेत. पुष्कळ ख्रिस्ती घाबरले. कोणी यज्ञ केला, कोणी लाच देऊन नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर तेच लोक रडत दाराशी आले. रोममधल्या नोवातियन नावाच्या पुढाऱ्याचे म्हणणे होते, यांना आत घेऊ नका. सिप्रियानाने आणि रोमच्या मंडळीने पश्चात्तापाचा काळ ठरवून त्यांना परत घेतले. दार सताड उघडले नाही आणि बंदही केले नाही. दारूतून सुटू पाहणारा तरुण, घटस्फोट झालेली बाई, वर्षानुवर्षे उपासनेला न आलेला भाऊ यांच्यासाठी आपल्या मंडळीत अशी ठरलेली, मानाची वाट आहे का?

काय टाळावे

पैसे मागणाऱ्या संदेष्ट्याला थारा देऊ नये. ‘दिदाखे’ ही छोटी पुस्तिका पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा दुसऱ्याच्या आरंभीची. तिची प्रत १८७३मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडली. तिचा नियम स्पष्ट आहे. फिरता प्रेषित आला तर त्याचे स्वागत करा. तो एक दिवस, फार तर दोन दिवस राहील. तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर घ्यावी. पैसे मागितले तर तो खोटा. कायमचा राहू इच्छिणाऱ्याने हाताला येणारे काम करून खावे. आशीर्वादाच्या बदल्यात रक्कम सांगणारा कितीही गर्दी जमवो, त्याला हाच नियम लावावा.

अंगठी पाहून खुर्ची देऊ नये. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय वाचावा आणि येत्या रविवारी पुढच्या रांगेत कोण बसते ते पाहावे.

माणसांचे गट करू नयेत, आणि भावाला कोर्टात खेचू नये. करिंथात एक जण पौलाचा, एक अपुल्लोचा, एक पेत्राचा. त्याच मंडळीत प्रभुभोजनाला काही जण उपाशी राहत आणि काही जण पिऊन तर्र होत. आपसातले खटलेही बाहेरच्या न्यायाधीशांपुढे जात. चर्चच्या जमिनींवरून वर्षानुवर्षे चाललेले आपल्याकडचे दावे पाहिले की, पौलाचे ते पत्र आपल्यालाही लिहिले आहे असे वाटते.

त्या काळाला सोन्याचा मुलामा देऊ नये. दानाच्या रकमेबद्दल खोटे बोललेले हनन्या आणि सप्पीरा आरंभीच्याच मंडळीत होते. गुलामगिरी मोडा, अशी मागणी त्या मंडळीने एकमुखाने कधी केली नाही. पळालेला अनेसिम फिलेमोनाकडे परत गेला, भाऊ म्हणून स्वीकारावे एवढ्या विनंतीसह. त्यांच्या उणिवा मान्य केल्या तरच त्यांचे चांगले आपल्या आवाक्यात येते.

छळ ओढवून घेऊ नये. स्मुर्ण्याचा बिशप पोलिकार्प याच्या मरणाची जी हकिगत मंडळीने लिहून ठेवली, तिच्यात क्विंतस नावाचा एक जण आहे. तो आपणहून पुढे आला, आणि जंगली पशू पाहून डगमगला. आपणहून स्वाधीन होणाऱ्यांची आम्ही वाहवा करत नाही, असे तीच हकिगत म्हणते. पोलिकार्प मित्रांच्या आग्रहाने शेतघरात जाऊन राहिला. पकडायला शिपाई आले तेव्हा त्याने त्यांना जेवण वाढायला सांगितले आणि प्रार्थनेसाठी तासभर मागितला. आजही विरोध झाला तर डिवचणारी भाषा टाळावी, कायद्याने दिलेला मार्ग धरावा आणि समोरच्याचा पाहुणचार सोडू नये.

सत्तेच्या आधाराने विश्वास उभा करू नये. ३१३मध्ये छळ थांबवण्याचा करार झाला. ३८०मध्ये सम्राट थियोदोसियसाने ख्रिस्ती विश्वास साम्राज्याचा धर्म केला. त्यानंतर आठच वर्षांनी, ३८८मध्ये, फरात नदीकाठच्या कालिनिकम येथे ख्रिस्ती जमावाने यहूद्यांचे सभास्थान जाळले. ते पुन्हा बांधून द्यावे असा हुकूम सम्राटाने तिथल्या बिशपला दिला, आणि मिलानचा बिशप अम्ब्रोस याने दबाव आणून तो मागे घ्यायला लावला. हाच अम्ब्रोस ३९०मध्ये थेस्सलनीकातल्या कत्तलीबद्दल त्याच सम्राटाला पश्चात्ताप करायला लावण्याएवढा निर्भय होता. कत्तलीविरुद्ध बोलताना त्याला भीती वाटली नाही. अपराधी आपल्याच लोकांतले होते तेव्हा मात्र तो त्यांच्या बाजूने उभा राहिला. दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्यावर अन्याय झाला तर निषेधाचा अर्ज मंडळीनेही द्यावा, आणि करणारे आपले असतील तर तो सर्वांच्या आधी द्यावा.