उन्हातली दरी आणि पाण्याचा हिशेब



वऱ्हाडातला उन्हाळा कसा असतो, हे अमरावती-अकोल्याच्या वाचकांना सांगायला नको. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. २०२४ च्या मे महिन्यात तर उष्णतेमुळे अकोला जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. आणि नेमकी याच दिवसांत तुम्हाला सुट्टी असते! मग पाठीवर पिशवी टाकून सातपुड्यात भटकण्याचे बेत शिजू लागतात.

असाच एक बेत घेऊन आमच्या महाविद्यालयातील चार मुले माझ्याकडे आली होती. चिखलदऱ्याजवळच्या एका दरीत उतरायचे. सकाळी नऊला निघून अकरापर्यंत तळ गाठायचा, तेथे जेवण, आणि दुपारी दोनला परत चढायला लागायचे. प्रत्येकाजवळ दोन लिटर पाणी. “सर, आधी उतारच तर आहे, दम कसला लागतो?” असे त्यांचे म्हणणे. मी हो किंवा नाही, काहीच म्हटले नाही. फळ्यावर हिशेब मांडू या, एवढेच म्हटले.

दरी कशी फसवते?

अकोल्याजवळच्या नरनाळा किल्ल्यावर जाताना आधी चढ असतो. दमलो तर मागे वळावे. परतीची वाट उताराची असते. दरीत याच्या अगदी उलट घडते. ताजेतवाने असताना उतार, आणि थकल्यावर, ऐन उन्हात, चढ. शिवाय उंची कमी होते तसे तापमान वाढते. कोरडी हवा हजार मीटर खाली आली, की सुमारे १० अंशांनी तापते. म्हणून सुमारे ११०० मीटर उंचीवरचे चिखलदरा सुखाचे वाटते, तर २८२ मीटरवरचे अकोला भाजून काढते. दरीच्या कडा वारा अडवतात आणि तापलेले खडक चहूबाजूंनी उष्णता फेकतात, ते वेगळेच. अमेरिकेतील ग्रँड कॅन्यन या प्रचंड दरीत उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार चालू नका, असे तेथील उद्यानाचे अधिकारी बजावतात. त्याचे कारण हेच.

फळ्यावरचा हिशेब

मुलाचे वजन ६० किलो, पाठीवर १० किलो आणि एका तासात ३०० मीटरांचा चढ, असे धरू. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला, की कार्य येते: ७० × ९.८ × ३००, म्हणजे सुमारे २ लाख ज्यूल, अर्थात जवळजवळ ५० किलोकॅलरी. पण आपले स्नायू म्हणजे काही आदर्श यंत्र नव्हे. खर्च केलेल्या ऊर्जेचा साधारण पाचवा भागच कार्याच्या रूपाने मिळतो. उरलेली उष्णता होते. तेव्हा एका तासात शरीरात जमणारी उष्णता अशी:

चढण्यामुळे: २०० किलोकॅलरी
नुसते जिवंत राहण्यामुळे: ८५
अंगावर पडणाऱ्या उन्हामुळे: सुमारे १३०
४४ अंशांच्या हवेमुळे: सुमारे १२५
एकूण: ५४० किलोकॅलरी

चौथी ओळ नीट पाहा. त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून थंड असेल तर ती शरीराची उष्णता नेते. गरम असेल तर उलट शरीराला उष्णता देते. अशा वेळी सुटकेचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घामाचे बाष्पीभवन. आपला माठ ज्या युक्तीने पाणी गार करतो, तीच ही युक्ती. त्वचेवरचे एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जाते. म्हणजे तासाला जवळजवळ एक लिटर घाम हवा. आणि जो नुसता ओघळून जातो, तो तर वायाच.

हा हिशेब ढोबळ आहे, पण त्यावरून मुलांचे डोळे उघडले. त्यांचे दोन लिटर पाणी चढ लागण्यापूर्वीच संपले असते.

घाम अपुरा पडला तर?

६० किलोच्या शरीराचे तापमान एक अंशाने वाढवायला ५० किलोकॅलरी पुरतात. ३७ अंशांवरून ४१ वर जायला लागतात फक्त २००. तासाला ५४० या वेगाने हे अंतर अर्ध्या तासाच्या आत कापले जाते. एवढ्या तापमानाला मेंदूचे काम बिघडते आणि जीव धोक्यात येतो. हाच उष्माघात.

हवा दमट असेल तर घाम सुकत नाही, आणि कमी तापमानही घातक ठरते. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावरील कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जण दगावले. तेथील पारा वऱ्हाडातल्या मे महिन्याइतका चढलेला नव्हता.

मग जास्त पाणी न्यावे का?

आठ तासांना आठ लिटर, म्हणजे आठ किलो ओझे! ओझे वाढले की उष्णता वाढते, आणि तिच्याबरोबर तहानही. शिवाय घामाबरोबर मीठ जाते. नुसतेच पाणी पीत राहिल्यास रक्तातील क्षार विरळ होतात, तेही धोक्याचे. म्हणून एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ठेवावे. कैरीचे पन्हे किंवा मीठ घातलेले ताकही चांगले. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, असे आपल्याकडे मानतात. खिशातला कांदा एक कॅलरीही बाहेर नेत नाही. डोक्याला बांधलेला ओला दुपट्टा मात्र घामाचेच काम करतो.

खरा उपाय घड्याळात आहे. तोच चढ सकाळी सातला, २८ अंशांच्या हवेत आणि सावलीतून चढला तर? उन्हाची ओळ जाते, आणि हवा उष्णता देण्याऐवजी सुमारे ९५ किलोकॅलरी नेते. उरतात १९०, म्हणजे फक्त एक तृतीयांश लिटर पाणी!

मुलांनी बेत बदलला. परिसर मेळघाटचा, म्हणून आधी वन विभागाची परवानगी. उजाडताच निघायचे, दरीत थोडेच उतरायचे, आणि कोठेही असलो तरी सातला मागे फिरून नऊच्या आत वर यायचे. मार्ग आणि परतीची वेळ घरी लिहून ठेवायची. तळ गाठण्याचा बेत त्यांनी हिवाळ्यावर टाकला. मला त्यांचा हा शेवटचा निर्णय सर्वांत शहाणपणाचा वाटला.

हे लक्षात ठेवा

डोके दुखणे, मळमळ, चक्कर ही पहिली सूचना. चालणे तेथेच थांबवा. सोबती असंबद्ध बोलू लागला, तर अंगाला घाम असला तरी उष्माघात समजा. सावलीत नेऊन कपडे सैल करा, अंग भिजवा, वारा घाला आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

करून पाहा

प्रयोगशाळेतील दोन तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून दोन्ही सावलीत, पंख्याखाली ठेवा. मे महिन्यात आणि पुन्हा श्रावणात दोहोंतील फरक मोजा. घाम आपल्याला कोणत्या महिन्यात अधिक साथ देतो?