निसर्गपाठ : ताडोबाचे वन आणि मोहाची फुले

ताडोबाचे नाव मुलांच्या कानी असते ते वाघामुळे. वस्तुतः हे नाव माणसाचे आहे. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मरण पावला, अशी दंतकथा त्या भागातील गोंड लोक सांगतात. तेथील तळ्याकाठी त्याचे देवस्थान आहे. शिक्षकांनी पाठाचा आरंभ या कथेने करावा. वन व गाव यांचे नाते किती जुने आहे, हे तीतून सहज ध्यानी येते.

पुढे माहिती द्यावी. चंद्रपूर जिल्ह्यातील हे वन १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. १९८६ साली लगतचे अंधारी अभयारण्य स्थापन झाले व १९९५ साली दोहोंचा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. त्याच्या गाभा क्षेत्राभोवती बफर क्षेत्र असून त्यात अनेक गावे वसली आहेत.

आता फळ्यावर मोहाचे झाड काढावे. फाल्गुन-चैत्रात त्याची फुले पहाटे गळतात. ती वेचून, वाळवून विकली की घरात चार पैसे येतात. फुले स्वच्छ दिसावीत म्हणून काही ठिकाणी झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. ती आग पसरली की रोपे व भुईवरची घरटी जळतात. शिवाय पहाटे वाघ फिरत असतो, आणि वाकून फुले वेचणाऱ्याचे लक्ष भोवताली नसते.

“मग फुले वेचू नयेत काय?” असा प्रश्न मुलांपुढे ठेवावा, उत्तराची घाई करू नये. ज्या घरची चूल या फुलांवर पेटते, त्या घरचे मूल समोर बसलेले असते. वनहक्क कायदा, २००६ याने वनवासींचा गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क मान्य केला आहे, हेही सांगावे.

फळ्यावर तीन रकाने आखावेत : वनास काय हवे, गावास काय हवे, दोघांस मानवेल असा उपाय कोणता. तिसरा रकाना मुलांकडूनच भरून घ्यावा. पाला जाळण्याऐवजी झाडून काढणे अथवा झाडाखाली जाळी अंथरणे; उजाडल्यावर व जथ्याने जाणे; सरपणाऐवजी गॅस वापरणे; गावातील तरुणांनी पर्यटकांचे वाटाड्ये होणे; वाघाने जनावर मारल्यास तत्काळ वनरक्षकास कळवून पंचनामा करून घेणे, म्हणजे भरपाई मिळते. २०१५ साली राज्याने वनालगतच्या गावांसाठी जन-वन विकास योजना सुरू केली. तिचा हेतूही गावाचा वनावरील भार हलका करणे हाच आहे.

एक सूचना. वर्गातील एखाद्या मुलाच्या घरी वाघाच्या हल्ल्यात कोणी दगावले असल्यास वाघाचे गुणगान करू नये. प्रथम त्या मुलाशी एकांतात बोलावे. त्याचा राग अनाठायी ठरवू नये.

गृहपाठ : आपल्या घरी आठवड्यात सरपणाच्या किती मोळ्या लागतात व त्या आणण्यास कोण जाते, हे विचारून वहीत लिहावे.

दुसऱ्या दिवशी सर्व मोळ्यांची बेरीज वर्गात करावी. वनावर किती भार आहे, आणि तो कोणाच्या डोक्यावरून येतो, या दोन्ही गोष्टी मुलांना त्या एका आकड्यातून उमगतील.